पॅकिंगवाल्या दत्तोबांची गिटार

परंदवडीत कुणाच्या घरी नवीन फ्रीज आला, की आधी दत्तोबा येतात आणि मग पेढे. फ्रीजशी त्यांना काही देणंघेणं नसतं. ते येतात खोकं बघायला. खोक्याभोवती एक फेरी मारतात, वाकून चारही कोपरे चाचपतात, मधल्या बोटाचं पेर वाकवून दोन-तीन ठिकाणी टकटक करतात आणि कान लावून जाहीर करतात, "डाव्या अंगाला माल ढिला बसलाय. कुनी पॅक केलंय कुनास ठावं!" घरातली माणसं फ्रीजला हळदकुंकू लावत असतात आणि दत्तोबा थर्माकोलचे तुकडे हातात घेऊन मान हलवत असतात. निघताना खोकं मागून घेतात. त्यांना नाही म्हणायची गावात पद्धत नाही.

तळेगावच्या अंगाला एका पंपांच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं पॅकिंग खात्यात काढली. पंप कुणीही बनवो, त्याला पेटीत बसवायचा मान दत्तोबांचा. पाइनच्या फळ्या, खिळे, फोमच्या पट्ट्या आणि वरून लोखंडी पट्टीचा फास. बाहेरून टकटक केली की आतला माल कुठं हलतोय ते त्यांना कानानं कळायचं. चांगली पेटी कोणती? जी हलत नाही, कुरकुरत नाही, टकटकीला उत्तर देत नाही ती. बत्तीस वर्षं दत्तोबांनी पेट्यांना गप्प बसायला शिकवलं आणि बत्तीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही नग फुटला नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात हे सांगितलं, शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. दत्तोबांनी घड्याळ मुलाला देऊन टाकलं. खोकं अजून जपून ठेवलंय.

कारखाना सुटला तरी हाताची सवय सुटली नाही. दत्तोबांनी बंद केलेली लोणच्याची बरणी उघडायला दोन माणसं लागतात. त्यांनी बांधलेल्या तांदळाच्या पोत्याची गाठ आजवर कुणी सोडलेली नाही, कापलेलीच आहे. नळाची तोटी ते अशी बंद करतात की पुढच्या माणसाला वाटावं पाणी गेलंय. लीलाबाईंच्या पस्तीस वर्षांच्या संसारात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कोणतं असेल, तर ते "अहो, आवळू नका!"

अशा घरात गेल्या वर्षी सून म्हणून सारिका आली. माहेर तळेगावचं, नोकरी लोणावळ्यात, बालवाडीत बाई. येताना तिनं कपाट-पलंग काही आणलं नाही, एक गिटार आणली. पहिल्या पगाराची. ती वाजल्याशिवाय बालवाडीतली पस्तीस पोरं जागेवर बसत नाहीत, असा तिचा अनुभव होता. लीलाबाई सुरुवातीला जराशा बिचकल्या, पण सून भाकरी थापून झाल्यावर ओट्यावर बसून गाणं म्हणते आणि आपल्यालाही म्हणायला लावते म्हटल्यावर खूश झाल्या. दत्तोबांनी गिटार हातात घेतली, पाठीवर टकटक केली आणि म्हणाले, "आत कायच न्हाई की! रिकामी हाय!"

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचं ठरलं. सगळं सामान आठ दिवस पडवीत हलवायचं होतं. आता सांगा, सुनेची गिटार पॅक कुणी करायची?

दत्तोबांनी तिच्यासाठी खास पेटी बनवली. पाइनची. खाली फोम, वर फोम, बाजूला फोम. गिटार आत ठेवली, झाकण बसवलं आणि कारखान्यातून आठवण म्हणून आणलेलं पट्टी आवळायचं हत्यार काढलं. दोन पट्ट्या नेहमीच्या, तिसरी, सून आपली म्हणून. तिसरी आवळताना आतून 'कट्' असा आवाज आला. दत्तोबा समाधानानं म्हणाले, "बसली!"

रंग वाळल्यावर पेटी उघडली. गिटारचा दांडा मानेतून मोडला होता आणि पोट आत गेलं होतं.

सारिकानं तुटलेला दांडा उचलला, लोंबणाऱ्या तारा गोळा केल्या आणि म्हणाली, "असू द्या आबा. तशी जुनीच झाली होती."

तीन वर्षांची गिटार जुनी नसते हे दत्तोबांनाही कळत होतं. पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं, तेही भांडले असते, दोन दिवस अबोला आणि तिसऱ्या दिवशी सगळं मिटलं असतं. पण तिनं त्याच हातानं चहा दिला, त्याच आवाजात "साखर बरोबर आहे का आबा?" विचारलं. बत्तीस वर्षांत पहिला नग फुटला होता आणि तोही घरचा.

मुलगा आदिनाथ म्हणाला, "आबा, नवी मागवतो मोबाईलवरनं. चार दिवसांत येईल."

"काय नको मागवूस," दत्तोबा म्हणाले. "माज्या हातानं मोडली, माज्याच हातानं उभी ऱ्हाईल. जानेवारीत हिच्या बालवाडीचं ग्यादरिंग हाय ना? तितं ही माज्या हातचीच गिटार वाजवील."

हे त्यांनी घरात सांगितलं तेवढ्यावर भागलं असतं. पण त्यांनी ते पारावर सांगितलं, न्हाव्याकडे दाढीला साबण लावलेला असताना सांगितलं आणि बेगडेवाडी स्टेशनच्या बाकावर लोकलची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसालाही सांगितलं. आता मागं फिरायला वाट उरली नव्हती.

सासऱ्यांचं मन हलकं व्हावं म्हणून सारिकानं त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक म्हातारा अंगणात बसून सिगारच्या रिकाम्या लाकडी पेटीची गिटार बनवत होता. एक पेटी, तिच्या आरपार एक दांडा, वर तीन तारा. वाजवली तर अशी ठणठणीत वाजली की लीलाबाई चूल सोडून बघायला आल्या.

दत्तोबांनी त्यातला एकच शब्द ऐकला. पेटी.

"एवढंच व्हय! आगं, पेटीसाठी जलम घातलाय आपन. पन शिगारची पेटी हितं कुटं गावनार? आमच्याकडं विडीचा बंडल. त्याची पिपाणीसुदिक व्हायची न्हाई."

"कुठलीही चालेल आबा. फक्त झाकण पातळ पाहिजे."

"पातळ?" दत्तोबा हसले. "पातळ ताक असतं, पोरी. तू पेटीचं माज्यावर सोड."

सारिकानं सोडलं. बहुतेक तिथंच चुकलं.

पुढचा महिनाभर दत्तोबांनी मावळातल्या खोक्यांना सुख लागू दिलं नाही. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात शिरले आणि चिक्की न घेता रचलेल्या डब्यांवर टकटक करत सुटले. दुकानदाराला वाटलं वजनमापवाले आले, त्यानं घाईघाईनं खुर्ची दिली. चिक्कीचे डबे पुठ्ठ्याचे निघाले. "याच्यावर तार ताणली तर खोकंच दुमडंल," असा शेरा देऊन दत्तोबा चिक्कीचा नमुना तोंडात टाकून बाहेर पडले.

मग आला पत्र्याचा डबा. फरसाणाचा, चौकोनी, झाकणावर मोराचं चित्र असलेला. त्यातून दांडा घातला, तारा चढवल्या आणि ओट्यावर बसून पहिली तार छेडली. शेजारच्या सरुबाई तांब्याची दोन पातेली घेऊन धावत बाहेर आल्या. "कल्हईवाला कुटं गेला?" त्यांनी विचारलं. दत्तोबांनी मोराच्या डब्यावर कांबळं टाकलं.

त्यानंतर आदिनाथच्या लग्नात आलेली सुक्यामेव्याची पेटी. वरून लाल मखमल, सोनेरी कडी, दिसायला नवरीसारखी. दत्तोबांनी मखमल सोलून बघितली तर आत लाकूड नव्हतंच, भुसा दाबून केलेली फळी होती. वाजवली तर गादीवर धोपाटणं मारल्यासारखा आवाज. "ही फसवनूक हाय," दत्तोबा म्हणाले. ज्यांनी ती पेटी दिली होती, त्या व्याह्यांशी ते पुढं आठ दिवस तुटक बोलत होते.

शेवटी त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. इतके दिवस आपण दुसऱ्यांची खोकी काय म्हणून वाजवतोय? चांगल्यातलं चांगलं लाकूड तर गोठ्याच्या माळ्यावर पडलंय! घराला स्लॅब टाकला तेव्हा जुन्या दाराची फळी काढून ठेवली होती. सागवान! आमच्या मावळात एखाद्या वस्तूची यापलीकडे स्तुती नाही. दार सागवानी, पलंग सागवानी. जावयाचं कौतुक करतानासुद्धा "सागवानी गडी" म्हणतात, मग तो किती का वाकडा असेना.

बारा दिवस दत्तोबा त्या फळीशी झुंजले. पाऊण इंच जाडीच्या फळ्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, झाकणाला चोवीस स्क्रू, सांध्यात सरस. आत हाताच्या सवयीनं चार फोमच्या पट्ट्याही चिकटवल्या. वर पॉलिश असं की आदिनाथनं त्यात भांग पाडला. मोडक्या गिटारच्या तीन खुंट्या काढून दांड्याला बसवल्या, तारा ताणल्या. मग अंगणात सगळ्यांना बोलावून दत्तोबांनी पेटी पालथी ठेवली आणि चपला काढून तिच्यावर उभे राहिले.

"बगा! हाय का हू का चू?"

"अहो, खाली उतरा," लीलाबाई म्हणाल्या. "नाचायला केलीय का वाजवायला?"

सारिकानं गिटार मांडीवर घेतली. मांडी जराशी दबली. तिनं तार छेडली. आवाज आला, नाही असं नाही. गोधडीत तोंड खुपसून कुणी "आलो, आलो" म्हणावं तसा आला. तिनं पुन्हा छेडली. पुन्हा तेच.

सारिकानं पॉलिशवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मजबूत झालीय आबा."

बालवाडीच्या स्नेहसंमेलनाला आठ दिवस उरले होते. सारिका आत गेली. आत जाताना ती आदिनाथला हळू आवाजात म्हणाली ते दत्तोबांच्या कानावर पडलंच. हलणारा माल ऐकायची सवय असलेले कान ते. "त्यांना काही बोलू नकोस हं. मी मुलांना टाळ्यांवर शिकवीन."

टाळ्यांवर! गिटार वाजणार म्हणून सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं आणि आपली सून टाळ्या पिटणार. दत्तोबा ती सागवानी पेटी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले ते दुसऱ्या दिवशी दुपारीही तिथंच होते. मध्ये झोपायला गेले असतील, पण चेहरा तिथंच ठेवून गेले होते.

दुपारी शिदू आला. शिदू आंदर मावळातल्या एका डोंगरवाडीचा. पॅकिंग खात्यात वीस वर्षं दत्तोबांच्या समोरच्या बाजूनं पट्टी ओढायला तोच असायचा. वाडीवर एसटी दिवसातून एकदा, तीही तिच्या मनाला आलं तर. म्हणून शिदू बरीचशी वाट चालतच येतो आणि आल्यावर आधी दोन तांबे पाणी पितो. वाडीतल्या लग्नांत तुणतुणं वाजवणारा माणूस. बसल्या जागी हाताला जे लागेल ते वाजवायची त्याला खोड. कारखान्यात यावरून त्यानं कितीतरी बोलणी खाल्ली होती.

"दत्तूभाऊ, मयत झाल्यावानी का बसलाय?" शिदूनं विचारलं.

दत्तोबांनी पेटी पुढं केली. शिदूनं तार छेडली, कान लावला, पेटी उलटी केली, वजन घेतलं.

"पंप हाय का काय आत?"

"थट्टा करू नगंस, शिदू. सागवान हाय अस्सल. जागचं हलायचं न्हाई."

"मग वाजंल कसं, भाऊ? जे हलत न्हाई ते वाजंल कसं?" शिदू म्हणाला. "माज्या तुणतुण्याचं कातडं बघितलंस का? कांद्याच्या पातीवानी पातळ."

"अरं, पन ताण किती असतोय तारंचा! पातळ फळी फाटंल की."

"ताण दांड्यावर हाय ना!" शिदूनं दांड्यावर थाप मारली. "या टोकापासनं त्या टोकापत्तर दांडा एकच हाय. समदा माल दांड्यानं उचललाय. पेटीवर लोड कुटंय? पेटीनं निस्तं बोलायचं. तू बोलनाऱ्याच्या तोंडात फोम कोंबलास अन् वर चोवीस स्क्रू मारलेस."

लोड हा शब्द ऐकल्यावर दत्तोबांच्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. कातड्याची भाषा त्यांना कळली नसती, लोडची कळली. त्यांनी दांड्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. बत्तीस वर्षं माल पेटीच्या आत असायचा. इथं तो बाहेर होता. आणि तरी आपण पेटीच आवळत बसलो.

शेजारीच लीलाबाई दत्तोबांच्या सदऱ्याचं बटण लावत बसल्या होत्या. बाजूला त्यांची सुईदोऱ्याची पेटी उघडी पडली होती. चहा येईपर्यंत शिदूचा हात स्वस्थ बसेना. त्यानं पेटीचं झाकण लावलं आणि बोटांनी वाजवायला सुरुवात केली. टण-टणक-टण.

घरातून सारिका चहाचे कप घेऊन आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आई, काय वाजलं ते?"

"माजी सुईदोऱ्याची पेटी गं. आमच्या हिरानं दिलेली."

हिरा म्हणजे लीलाबाईंची मावसबहीण. लोणावळ्यात एका बंगल्यावर कामाला होती. तिथल्या साहेबांनी टाकून दिलेल्या पेट्यांतली एक तिनं अठरा वर्षांपूर्वी लीलाबाईंना आणून दिली होती. दत्तोबांना ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. फळी जेमतेम सव्वा सूत जाड. "पापडाची पेटी" असं ते तिला म्हणत. तीनदा तिला कोपरपट्ट्या मारायला निघाले होते आणि तिन्ही वेळा लीलाबाईंनी ती पदराखाली घेऊन वाचवली होती. महिनाभर त्यांनी मावळातलं एकूण एक खोकं वाजवलं. हिला मात्र बोट लावलं नाही.

आता त्यांनी लावलं. पेटी रिकामी करून, दोन बोटांत कडेनं हलकी धरून, झाकणाच्या मधोमध पेर वाजवलं. पेटीनं उत्तर दिलं. नुसतं दिलं नाही, दिल्यावर थोडा वेळ बोलतच राहिली. तिच्यातून देवदाराचा आणि कसलातरी उग्र जुना वास आला.

सारिकानं पेटी उलटी केली. तळाला लाकडात डागून काढलेली पुसट अक्षरं होती. तिनं ती अंगणातल्या उन्हात धरून वाचली आणि ओठ दाबून उभी राहिली, पण हसू काही दबेना.

"आबा, ही सिगारचीच पेटी आहे."

शिदू इतका हसला की त्याला ठसका लागला. दत्तोबा गंभीरपणे म्हणाले, "अठरा वर्सं घरात हाय. कुनीतरी आधी सांगायला नको व्हय?"

"कुणाला सांगायचं?" लीलाबाई म्हणाल्या. "तुमी कुटं ऐकताय! पोरगी म्हैनाभर पातळ पातळ म्हनतीय." त्यांनी मांडीवरच्या सुया, रिळं, हुक, बटणांची पुडी यांच्याकडे बघितलं. अठरा वर्षांचा संसार उघड्यावर आला होता. मग सुनेच्या तोंडाकडे बघितलं. "घ्या. पन माज्या दोन अटी. ही तुमची सागवानी मला द्यायची, आत कप्पे करून."

"दिली. अन् दुसरी?"

"स्क्रूचा डबा माज्यापाशी ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी शिदू डोंगरावरून धामणीचा दांडा घेऊन आला. कावडीला वापरतात ते लाकूड. वाकेल पण मोडणार नाही. पुढचे चार दिवस ओट्यावर जे चाललं ते बघायला सरुबाई स्वतःचा पाट घेऊन येत. दत्तोबा करवत चालवत आणि लीलाबाई समोर स्क्रूचा डबा मांडीत घेऊन, त्यावर पदर टाकून बसत. पेटीच्या दोन बाजूंना दांड्याच्या मापाच्या खाचा पाडल्या. दांडा आरपार घातला, पण झाकणाखालचा भाग तासून कमी केला. झाकणाला तो कुठंही टेकता कामा नये, मध्ये अर्धा सूत मोकळी जागा हवी, असं शिदूचं म्हणणं.

"ढिलं दिसतंय रं," दत्तोबा कळवळून म्हणत.

"दिसू दे."

"येकच स्क्रू. कोपऱ्याला. कुनाला दिसनार बी न्हाई."

"आवळू नका!" लीलाबाई, शिदू आणि सरुबाई एकदम म्हणत.

सायकलच्या स्पोकचे तुकडे करून दांड्यावर सुरांचे पडदे बसवले, माप सारिकानं पेन्सिलीनं आखून दिलं. तारा टेकवायला घोडी म्हणून कारखान्यातला एक जुना बोल्ट कामी आला, तेवढंच दत्तोबांचं समाधान. तारा चढल्या. खुंटी पिळायची वेळ आली तेव्हा दत्तोबांनी हात पुढं केला आणि स्वतःहूनच मागं घेतला. "तू पीळ गं," ते सारिकाला म्हणाले. "माजा हात जड हाय."

तिनं पिळली, कान लावला, थोडी पिळली. मग तिन्ही तारांवरून अंगठा फिरवला.

समोरच्या घराचं दार उघडलं. आवाज मोठ्या गिटारसारखा गोल नव्हता. थोडा नाकातला, थोडा खोडकर, सरळ मुद्द्याला हात घालणारा. एखादी ठेंगणी, चुणचुणीत म्हातारी बोलू लागावी तसा. सारिकानं बालवाडीतलं बेडकाचं गाणं वाजवलं आणि दत्तोबा, वय एकसष्ट, बेडकाच्या ओळीला तोंड फुगवून बसले.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सारिका सकाळीच पुढं गेली. सजावट तिच्याकडे होती. गिटार घेऊन यायची जबाबदारी दत्तोबांवर आली. आदिनाथ हळूच आईला म्हणाला, "आबा पॅक करतील बघ."

दत्तोबांनी खरंच पडवीतून फोम काढला. गिटारशेजारी ठेवला. एक बाजू गुंडाळली. मग बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, फोम काढला आणि घडी करून परत पडवीत ठेवला.

बेगडेवाडीहून लोणावळ्यापर्यंत दत्तोबा खिडकीशी बसले होते, मांडीवर उघडी गिटार, एक हात तिच्याखाली आणि दुसरा नुसता वर धरलेला, जशी तान्ह्या पोरावर सावली धरावी. कामशेतला चढलेल्या एका बाईंनी विचारलं, "काय हो हे?" त्यावर दत्तोबांनी पेटीपासून सुरुवात केली. लोणावळा आलं तेव्हा ते फरसाणाच्या डब्यापर्यंत पोचले होते. बाईंना मळवलीला उतरायचं होतं असं नंतर कळलं.

हॉलमध्ये पस्तीस पोरं पस्तीस दिशांना पळत होती. दोन ससे रडत होते, एका मक्याच्या कणसाला शू लागली होती. सारिका खुर्चीवर बसली, तिनं ती पेटी मांडीवर घेतली आणि तार छेडली. टण! ससे थांबले. कणीस थांबलं. दुसऱ्या तारेला पोरं तिच्याभोवती बसायला लागली आणि तिसऱ्या ओळीला सगळा हॉल बेडकासारखा डुलत होता. मागच्या रांगेत शिदू खुर्चीच्या पाठीवर ठेका धरत होता. दत्तोबांनी एकदाही बोलून दाखवलं नाही की ही गिटार कुणी बनवली. म्हणजे उजवीकडच्या आणि डावीकडच्या माणसाला सांगितलं, पुढच्या रांगेत सांगितलं. पण उभं राहून नाही सांगितलं.

संपल्यावर सारिका पोरांच्या गराड्यातून बाहेर आली. दोन्ही हातांत बक्षिसांच्या पिशव्या, केसांत कागदाचं फूल. तिनं गिटार सरळ दत्तोबांच्या हातात दिली.

"आबा, मला यायला उशीर होईल. ही तुम्हीच न्या घरी. तुमच्याकडे असली म्हणजे मला काळजी नाही."

दत्तोबांनी गिटार घेतली. काही बोलायला गेले, पण आवाज सागवानी पेटीतून आल्यासारखा आला, म्हणून नुसती मान हलवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"अहो," लीलाबाई मागून म्हणाल्या, "आवळू नका."